बाहीवरची चार बोटं

झेंटा श्ट्रेलेला मत्सर करायला बाईच लागायची असं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती नवऱ्याच्या सायकलवर जळायची, कारण कोर्बिनियान दर रविवारी जेवण झालं की अंगणात बसून तिची साखळी पुसायचा आणि तेवढा वेळ बायकोशी चकार शब्द बोलायचा नाही. पुढे ती सासूच्या हातच्या आंबट कोबीवर जळली. सासू वारली तेव्हा त्या कोबीच्या आठवणीवर जळली. झेंटाच्या घरी चूल पेटवायला काडी लागत नाही, तिलाच चुलीसमोर उभं केलं की झालं, असं आमच्या गावात म्हणायचे. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? पण बाई वाईट नव्हती. कारखान्याच्या खाणावळीत ती वाढायला असायची, आणि तिच्या हातून ताट घेतलेला माणूस अर्धपोटी उठला असं कधी झालं नाही. शेजारची बुर्गल बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हा तिची पोरं झेंटानंच न्हाऊमाखू घातली. फक्त जे आपलं आहे त्याला दुसऱ्यानं हात लावलेला तिला खपत नसे. आणि आपलं म्हणून तिच्याजवळ होतं तरी काय? दोन खोल्या, परसातली प्लमची तीन झाडं, आणि कोर्बिनियान. मूलबाळ नव्हतं.

आमचं गाव ग्रॅफाइटचं. पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांना लागणारे माणसाएवढे काळे दांडे आमच्या कारखान्यात तयार होतात आणि त्यांची भुकटी सगळ्या गावावर बसते. दोरीवरच्या चादरीवर बसते, पावावर बसते, पाद्रीबुवांच्या कॉलरवरही बसते. दुसऱ्या गावातल्या बायका नवऱ्याच्या कपड्यांवर डाग शोधतात. आमच्याकडे नवरा काळा होऊन आला की बायको निर्धास्त असते. नखं घासून, हात धुऊन आला की मात्र विचारते, कुठं होतास रे?

कोर्बिनियान कारखान्याच्या प्रयोगशाळेत होता. ग्रॅफाइटमधून उष्णता किती वेगानं जाते हे आधी माहीत नसलं तर दांडा ऐन कामात तडकतो. म्हणून दांड्याचा वितीएवढा तुकडा घ्यायचा, त्याला एक भोक मधोमध पाडायचं आणि एक कडेजवळ, आणि तुकडा बंद भट्टीत अडीच हजार अंशांच्या आसपास तापवायचा. लोखंडाचं त्याच्या खूप आधीच पाणी होतं. मग काचेच्या खिडकीतून दोन्ही भोकांत बघायचं. मधलं भोक किती तापलंय आणि कडेचं किती, त्या फरकावरून उष्णतेची चाल निघते. फरक थोडकाच असतो, त्यामुळे बघणाऱ्याची दहा अंशांची चूक झाली तरी सगळी मेहनत पाण्यात.

एवढ्या आगीत घालून बघण्यासारखं कुठलंही साधन टिकत नाही, म्हणून हे मोजायचं डोळ्यानं. दुर्बिणीसारखी एक नळी असते. तिच्या आत छोट्या दिव्याची केसाएवढी तार. नळीला डोळा लावला की धगधगणाऱ्या भोकावर ती तार काळी, आडवी दिसते. घुंडी फिरवत गेलं की तारेतली वीज वाढते आणि तार उजळत जाते. एक क्षण असा येतो की भोक आणि तार अगदी सारखीच उजळतात, आणि तार नाहीशी होते. तिथं 'बस' म्हणायचं. शेजारच्या मापावरचा आकडा प्रयोगशाळेचे साहेब वाचतात. नियम असा की दोघांनी पाळीपाळीनं बघायचं, आणि पहिल्यानं उठताना घुंडी शून्यावर फिरवून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याला पहिल्याचा माग लागत नाही. कोर्बिनियानचा डोळा या कामात नावाजलेला होता. झेंटाला त्याचा अभिमान होता, आणि त्या नळीचा रागही होता, कारण इतकं टक लावून त्यानं आपल्याकडे कधी बघितलं नाही असं तिचं म्हणणं होतं.

त्या वर्षी त्याच्या जोडीचा म्हातारा निवृत्त झाला आणि मार्चमध्ये त्याच्या जागी इर्मगार्ड हांके आली. चाळिशीची, उंच, हडकुळी. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून सगळे तिला फ्रॉइलाइन हांके म्हणायचे. युद्धानंतर पूर्वेकडून, घरदार सोडून आलेल्या लोकांपैकी. बोलणं आमच्यासारखं नाही, पुस्तकासारखं स्वच्छ. ती दिसायला सुंदर नव्हती, आणि झेंटाला हेच जास्त टोचलं. सुंदर बाईकडे पुरुष बघतात आणि विसरतात. साध्या बाईकडे एखादा बघायला लागला की त्याला काहीतरी कारण असतं.

एप्रिलमधल्या एका सोमवारी झेंटा धुणं काढत होती. कोर्बिनियानचा करडा कोट हातात घेतला आणि ती जागच्या जागी थबकली. उजव्या बाहीवर, कोपराच्या जरा वर, चार काळी बोटं उमटली होती. भुकटीचा डाग वेगळा, तो कसाही पसरतो. ही बोटं होती, एकाखाली एक, नीट धरलेली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिनं आपला हात त्यावर ठेवून बघितला. तिची बोटं जाडजूड, तीस वर्षं पीठ मळलेली. बाहीवरची लांब आणि बारीक होती.

तिनं साबण लावला, ब्रश घेतला आणि कापड विरेल इतकं घासलं. कोर्बिनियानला काही बोलली नाही. बोलायचं तर पुरावा हवा, आणि पुरावा तर तिनं आत्ताच धुऊन टाकला होता. स्वतःच्या या मूर्खपणाचाही राग तिनं फ्रॉइलाइनच्याच खात्यावर मांडला.

एकदा संशयाचं भूत मानेवर बसलं की ते जिकडे तिकडे बोट दाखवत सुटतं. कोर्बिनियाननं सायकल सोडली आणि चालत जाऊ लागला. पाय मोकळे होतात म्हणे. म्हणजे अर्धा तास आधी निघणं आलं, आणि हा अर्धा तास कोणाबरोबर? संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो पेपर वाचायचा, ते बंद झालं. डोकं दुखतं म्हणाला. गुरुवारी पत्त्यांचा अड्डा असायचा. आमच्या पत्त्यांत बदामासारखंच घंटेचंही पान असतं; तिथं त्यानं घंटेच्या जागी बदाम टाकला, हातातला डाव घालवला, आणि सगळे हसले तसा पत्ते टेबलावर ठेवून उठून आला. पुन्हा गेलाच नाही. बुर्गलच्या नवऱ्यानं हे घरी सांगितलं, बुर्गलनं झेंटाला सांगितलं, आणि झेंटानं त्याचा अर्थ लावला: ज्याच्या मनात बदाम, त्याच्या हातातही बदामच येणार.

पण सगळ्यात वाईट गोष्ट दुसरीच होती. कोर्बिनियान तिच्याशी बोलताना तिच्याकडे बघेनासा झाला होता. तोंड तिच्याकडे, नजर मात्र तिच्या खांद्यावरून पलीकडे, कपाटाकडे नाहीतर भिंतीवरच्या क्रूसाकडे.

"माझ्याकडे बघून बोल की जरा," ती म्हणायची.

"बघतोच आहे."

"कुठं बघतोयस? त्या कपाटाशी लग्न लावलंयस का?"

तो मान खाली घालायचा आणि पावाचा तुकडा मोडत बसायचा. चोराच्या मनात चांदणं, झेंटा मनात म्हणायची. मे महिन्यात तिनं आयुष्यात पहिल्यांदा केस कापले. वेणी कापली, मानेपर्यंत आखूड केस केले, आउग्सबुर्ग शहरात जाऊन, सिनेमातल्या बाया ठेवतात तसे. खाणावळीतल्या यच्चयावत बायकांनी बघितलं. पाद्रीबुवांनीसुद्धा बघितलं आणि भुवया उडवल्या. कोर्बिनियान जेवला, सूप छान झालंय म्हणाला, आणि झोपायला गेला. त्या दिवशी झेंटा उशीत तोंड खुपसून रडली. वेणी तिनं टाकली नव्हती, खणात ठेवली होती. ती त्याला नेऊन दाखवावी आणि तोंडावर फेकावी असं तिला वाटलं, पण उठली नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख ओस्टरटागसाहेब सज्जन माणूस, पण कुठं काय बोलावं याची त्यांना पोच नव्हती. एकदा ताट घ्यायला आले आणि खिडकीशीच थांबून म्हणाले, "श्ट्रेलेबाई, तुमचे यजमान आणि फ्रॉइलाइन हांके म्हणजे कमाल आहे हं! अडीच हजार अंशांत दोघांच्या आकड्यांत दोन अंशांचाही फरक नाही. अशी जोडी माझ्या नोकरीत मी पाहिली नाही."

"हो का?" झेंटा म्हणाली आणि साहेबांच्या ताटात बटाट्याचे गोळे दोनाऐवजी चार टाकले. हाताला काहीतरी करायला हवं होतं.

जोडी! एकोणीस वर्षं एका टेबलावर जेवून नवराबायकोचं सूपमधल्या मिठावर कधी एकमत झालं नाही. त्याला खिडकी उघडी हवी, हिला बंद. त्याला पाऊस येणार वाटायचं तेव्हा हिला ऊन दिसायचं. आणि ती कालची आलेली सांगाडी त्याच्याबरोबर दोन अंशांवर येऊन बसली! कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

वाढायच्या खिडकीतून झेंटाला सगळी टेबलं दिसायची. शुक्रवारी मासा असायचा. जूनमधल्या एका शुक्रवारी तिनं बघितलं की फ्रॉइलाइन हांकेनं कोर्बिनियानचं ताट आपल्याकडे ओढलं, सुरीकाट्यानं मासा उघडला, एक एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, आणि ताट परत त्याच्यापुढे सरकवलं. तोही एखाद्या राजासारखा खायला लागला. ना आभार, ना लाज. झेंटाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या नवऱ्याचे काटे दुसरीनं काढायचे, आणि तेही चारचौघांत, आणि तेही आपण वाढलेल्या माशाचे!

पुढच्या शुक्रवारी कोर्बिनियान रांगेत आला तेव्हा ती म्हणाली, "मासा संपला."

"मागं दिसतोय की भांडंभर," त्याच्या मागचा म्हणाला.

"तो तुम्हाला आहे. ह्यांना गोळे."

त्यानंतर त्या वर्षी कोर्बिनियान श्ट्रेलेच्या वाट्याला शुक्रवारचा मासा आला नाही. का, ते त्यानं विचारलं नाही. झेंटाच्या मते त्यातच सगळं आलं.

"अगं, सरळ विचार की त्याला," बुर्गल म्हणायची. दोघी परसात प्लम वेचत होत्या. "कोर्बीच सांगायचा ना, ग्रॅफाइट जेवढं जास्त तापतं तेवढी उष्णता पुढे कमी सोडतं? तू त्यातलीच. एवढी तापली आहेस आणि सगळं आतच धरून बसलीस."

"विचारलं आणि हो म्हणाला तर?"

बुर्गलनं एक किडका प्लम कुंपणापलीकडे भिरकावला. झेंटाच्या तोंडातून पहिल्यांदाच खरं ते बाहेर पडलं होतं. राग तिला पुष्कळ यायचा, पण ह्या वेळी रागाखाली भीती होती. कोर्बिनियान गेला तर दोन खोल्या आणि तीन झाडं उरणार होती.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी कारखान्यात घरच्या माणसांचा दिवस होता. दर काही वर्षांनी तो असतो. बँड वाजतो, बियर असते, सॉसेज आणि ब्रेझनचा खारा पाव फुकट, आणि बायकापोरांना सगळा कारखाना आतून बघू देतात. झेंटानं निळा झगा घातला. कोर्बिनियाननं करडा कोट चढवला. वाटेत तो म्हणाला, "प्रयोगशाळेत गर्दी होईल. तू बँड ऐक, आपण बाहेरच बसू."

"का? मला तिथं यायला बंदी आहे?"

"तसं नाही."

"मग आधी तिथंच जाऊ."

प्रयोगशाळेत खरंच गर्दी होती. भट्टी तापवून ठेवलेली होती आणि ओस्टरटागसाहेब पाहुण्यांना एकेक करून नळीपुढच्या स्टुलावर बसवत होते. तार नाहीशी झाली की बस म्हणा, असा खेळ होता. फ्रॉइलाइन हांके बाजूला उभी राहून प्रत्येकानंतर घुंडी मागे फिरवत होती आणि तिच्या त्या स्वच्छ आवाजात म्हणत होती, "शून्यावर. पुढचे या." दिवसभर ग्रॅफाइटचे तुकडे हाताळून तिची बोटं काळी झाली होती, आणि त्या बोटांनी घुंडीही काळीकुट्ट झाली होती. झेंटानं त्या बोटांकडे बघितलं. लांब, बारीक.

बुर्गलचा नवरा बसला आणि त्याच्या हिशेबानं भट्टी तीन हजारांवर गेली. टपालखात्यातल्या बाईंचा आकडा अठराशेच आला. सगळे हसत होते. झेंटाची पाळी आली. तिनं डोळा लावला, पांढऱ्या झगझगीत गोलावर काळी रेघ दिसली, तिनं घुंडी फिरवली, रेघ पुसट झाली आणि गेली.

"बस!"

"दोन हजार दोनशे नव्वद," साहेब म्हणाले. "घाई केलीत, श्ट्रेलेबाई."

"पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं," फ्रॉइलाइन हांके म्हणाली. गोड बोलली. झेंटाला ते मिठासारखं झोंबलं.

"आता आमचे उस्ताद बघा!" साहेबांनी टाळी वाजवली. "फ्रॉइलाइन, आधी तुम्ही. मग श्ट्रेले."

"साहेब, राहू द्या, आज सुट्टी आहे," कोर्बिनियान मागून म्हणाला.

"अरे वा! बायकोसमोर लाजतोस?"

लोक हसले. फ्रॉइलाइन हांके बसली. दोनदा घुंडी मागेपुढे केली, शांतपणे बस म्हणाली, आणि साहेबांनी आकडा वाचला: दोन हजार चारशे चार. ती उठली. उठताना तिनं झगा सावरला, स्टूल जरा मागे ओढलं, कोर्बिनियानला वाट करून दिली. आणि घुंडीला हात लावला नाही.

झेंटानं ते पाहिलं. सकाळपासून ज्या बाईनं टपालखात्यातल्या बाईंपासून पोराटोरांपर्यंत प्रत्येकाची घुंडी शून्यावर नेली होती, तिनं याच्यासाठी मात्र ती तशीच ठेवली होती, जागेवर. नवरा कामावरून यायच्या वेळी बायको चपला दाराशी काढून ठेवते तशी. कोणाच्या ध्यानात येणार नाही अशी, फक्त त्याच्या हाताला कळेल अशी. दोन अंशांची जोडी! ती अशी जमत होती तर.

"शून्यावर न्यायची राहिली, फ्रॉइलाइन," झेंटा मोठ्यानं म्हणाली, पुढे झाली आणि घुंडी पार मागे फिरवून टाकली. "नियम म्हणजे नियम. नाही का?"

फ्रॉइलाइन हांकेचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. कोर्बिनियान स्टुलाशी उभा होता. तो बसला. डोळा लावला. घुंडी फिरवली. फिरवत गेला, थांबला, मागे आणली, पुन्हा पुढे नेली. बँडचा आवाज बाहेरून येत होता.

"बस," तो म्हणाला.

साहेबांनी मापाकडे बघितलं, मग जवळ वाकून बघितलं. "दोन हजार एकशे वीस."

हशा पिकला. "बियर आधी घेतली वाटतं!" बुर्गलचा नवरा ओरडला.

"पुन्हा बघ, श्ट्रेले," साहेब म्हणाले. ते हसत नव्हते.

कोर्बिनियाननं पुन्हा बघितलं. या वेळी दोन हजार सहाशे निघाले. आता हसणारेही गप्प झाले, कारण उस्तादाची चेष्टा किती करायची यालाही मर्यादा असते. तो उठला आणि म्हणाला, "आज नजर ठरत नाही." जाताना त्यानं दाराच्या चौकटीसाठी हात पुढे केला, आणि चौकट होती त्याच्या वीतभर अलीकडे तो चाचपला. फ्रॉइलाइन हांके एक पाऊल पुढे आली आणि झेंटाकडे बघून थांबली. झेंटाला वाटलं होतं की आत्ता आपल्याला आनंद होईल. तो झाला नाही. चाचपणारा हात तिनं बघितला होता.

दोघं कालव्याच्या काठानं घरी निघाले. पॉपलरची पानं वाटेवर पडली होती. झेंटानंच तोंड उघडलं, कारण आता तिला ते आत धरवेना.

"तिनं घुंडी लावून दिल्याशिवाय तुला एक आकडा सांगता येत नाही?"

"नाही," तो म्हणाला. "झेंटा, मला तार दिसत नाही."

"म्हणजे?"

"मधोमध डाग आहे. दोन्ही डोळ्यांत. जिथं बघीन तिथं नेमकं काही नसतं, आजूबाजूला सगळं असतं. लोक घुंडी फिरवून तार नाहीशी करतात. माझी फेब्रुवारीतच नाहीशी झाली, ती परत येतच नाही." तो चालतच राहिला. "आउग्सबुर्गला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुला सांगितलं होतं, दाताच्या डॉक्टरकडे जातोय म्हणून. वडिलांचं असंच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वाढणार, पण पूर्ण अंधार होणार नाही."

झेंटाच्या डोळ्यापुढून सायकल गेली, पेपर गेला, घंटेच्या जागी पडलेला बदाम गेला.

"मासा," ती म्हणाली.

"काटे दिसत नाहीत ना. एकदा घशात अडकला होता. म्हणून ती काढून द्यायची. मग तू मासाच बंद केलास. मला वाटलं, तुला कळलं, म्हणून मुद्दाम देत नाहीस. पण तू काही बोलली नाहीस, मग मीही नाही बोललो."

इथं दुसरी कोणी असती तर रडली असती. झेंटा वाटेत उभी राहिली आणि कडाडली, "तिला सांगितलंस! त्या परक्या बाईला सांगितलंस आणि मला नाही! मी मेले होते?"

"तिला नाही सांगितलं मी."

"मग?"

"तिनं ओळखलं. येऊन महिनाही झाला नव्हता. तिचे वडील असेच भिंतीकडे बघून बोलायचे, म्हणून तिला कळलं. संध्याकाळी जिन्यात पाय चुकला तेव्हा तिनं दंड धरला आणि विचारलं, कधीपासून दिसत नाही तुम्हाला? मी तिला पाया पडून सांगितलं, साहेबांना बोलू नका. चार वर्षं राहिलीत नोकरीची. नळीवरून उठवलं तर मी कोण उरतो मग? आणि तुला सांगितलं असतं तर... तुझ्यासमोर तरी मी पूर्वीचाच राहावा असं वाटायचं."

तिनं ओळखलं. झेंटाला आजवर पुष्कळ गोष्टी बोचल्या होत्या, पण एवढं खोल काही रुतलं नव्हतं. सहा महिने तीही त्याच्याकडेच बघत होती, सकाळसंध्याकाळ, डोळ्यात तेल घालून. बघितलं काय, तर त्या बाईला. त्याला बघितलंच नव्हतं. ज्या गोष्टीचा तिला हेवा वाटायला हवा होता ती चोरून धरलेली बाही नव्हतीच. एका परक्या बाईनं आपल्या नवऱ्याकडे आपल्यापेक्षा नीट बघितलं होतं. ह्याबद्दल तिला भांडताही येत नव्हतं, आणि जळणं तर थांबत नव्हतं.

"मी ती घुंडी..." ती म्हणाली.

"बरं केलंस. मला कधी ना कधी बोलावंच लागणार होतं. सोमवारी साहेबांकडे जातो. आठ महिन्यांची मापं पुन्हा घ्यावी लागतील. ती आल्यापासूनचे आकडे तिचे, खरे आहेत, पण दोघांचे म्हणून गेलेत आणि आहेत एकीचे. तिलाही बोलणी बसणार."

"बसू देत," झेंटा म्हणाली. मग चालायला लागली आणि म्हणाली, "तिची काही चूक नाही म्हणावं साहेबांना."

घराजवळ वळणावर कोर्बिनियान थांबला आणि तिच्याकडे वळला. मान किंचित तिरकी केली आणि तिच्या कानावरून पलीकडे, कुंपणाकडे बघू लागला, गेले कित्येक महिने बघत होता तसंच.

"काय बघतोयस?" तिनं विचारलं, पण आवाज चढला नाही.

"तुला. कुंपणाकडे बघितलं की तू दिसतेस, कडेला. सरळ बघितलं की जातेस." तो बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिला. "कोपऱ्यातून काहीतरी निराळं वाटतंय खरं. केस कापलेस?"

"आज नाही, मे महिन्यात," झेंटा म्हणाली.

"चांगले दिसतात."

"आता काय उपयोग. वाढायला लागलेत." आणि तिनं डोळे पुसले, ते त्याला दिसणार नाही हे ध्यानात येऊन पुन्हा पुसले. मग तिला राहवेना. "तिच्याकडेही असाच बघतोस?"

"कोणाकडे?"

"त्या हांकेकडे."

"ती आली तेव्हा डाग पडलेलाच होता," कोर्बिनियान म्हणाला. "उंच आहे एवढं कळतं. तोंड कसंय, मला आजतागायत माहीत नाही."

हे ऐकून झेंटाला हसू आलं, आणि हसण्याची लाज वाटली, आणि तरीही आलं. दारासमोर तीन पायऱ्या होत्या. तिनं त्याचा उजवा दंड कोपराच्या वर घट्ट धरला आणि एक, दोन, असं न म्हणता, नुसतं दंडाला जरासं वर उचलत त्याला पायऱ्या चढवल्या. त्यानं हात सोडवून घेतला नाही.

रविवारी संध्याकाळी ती त्याचे सोमवारचे कपडे काढून ठेवत होती. करडा कोट उजेडाशी नेला, तर उजव्या बाहीवर चार काळी बोटं. तिनं हात ठेवून बघितला. जाडजूड, आखूड, तिचीच. प्रयोगशाळेतल्या त्या घुंडीची काजळी तिच्या हातावर होती आणि ती इथं उमटली होती.

तिनं साबण काढला, ब्रश काढला, आणि दोन्ही परत ठेवून दिले. कोट झटकून खुंटीला अडकवला.

"साहेबांकडे जाताना हाच घाल," ती आतल्या खोलीत ओरडून म्हणाली.

"डाग आहे का कुठं?" कोर्बिनियाननं विचारलं. "मला दिसत नाही."

"आहे. राहू दे," झेंटा म्हणाली. "तिला दिसतं ना सगळं. तिला दिसू दे."